टोळी कुठे आहे, हे कारखान्याला माहीत असते

अमुक मुकादमाची टोळी आज कुठे आहे, असे साखर कारखान्याच्या शेतकी विभागात विचारा. उत्तर जागच्या जागी मिळते. गाव, शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, ऊस लागणीचा की खोडवा, तोड कधी लागली, काल किती टन निघाला, सगळे वहीत किंवा संगणकात असते. कारखान्याच्या चिटबॉयने फडावर चिठ्ठी फाडलेली असते, काट्यावर गाडीचे वजन झालेले असते आणि उद्या कोणाच्या फडात कोयता लागणार याचा प्रोग्रॅमही ठरलेला असतो. तोडलेला ऊस वाळत पडला की वजन घटते, साखरेचा उतारा उतरतो. म्हणून ऊस तोडणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा कारखाना रोजच्या रोज ठेवतो.

त्याच टोळीत सातव्या महिन्याची गरोदर बाई आहे का, क्षयाच्या गोळ्या चालू असलेला गडी आहे का, सहा आठवड्यांच्या डोसाला आलेले बाळ आहे का, हे त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तर बहुधा कोणालाच सांगता येत नाही. त्या बाईचे नाव असते दोन-तीनशे किलोमीटरवर, बीड जिल्ह्यातल्या तिच्या गावच्या आशाताईंच्या वहीत. तिथे तिच्या नावापुढे शेरा असतो : कारखान्याला गेली.

ऊसतोड कामगारांच्या आरोग्यावर गेल्या काही वर्षांत बरेच लिहिले-बोलले गेले, समित्या झाल्या, योजना आल्या. तरीही घोडे याच जागी अडले आहे. सरकारी आरोग्यसेवा गावाला बांधलेली आहे आणि या माणसांचे निम्मे वर्ष टोळीला बांधलेले आहे. सेवा टोळीच्या मागे गेली पाहिजे, आणि ती जाऊ शकते.

बीड हा बालाघाटच्या डोंगररांगेचा आणि भरवशाच्या नसलेल्या पावसाचा जिल्हा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या पट्ट्यात हलकी जमीन, खरिपाचे एक पीक आणि मग हाताला काम नाही. 1972 च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाण्याचा रिवाज पक्का झाला. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात; कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, पलीकडे कर्नाटकात बेळगाव-बागलकोट. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. राज्यभरात आठ-दहा लाख माणसे या कामावर असतात असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. बीडचा वाटा त्यात सर्वांत मोठा, पण तो नेमका किती हे विचारले की पावणेदोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आकडे ऐकायला मिळतात. ज्यांची मोजदाद धड नाही, त्यांच्यासाठी औषध किती पाठवायचे हे तरी कोण ठरवणार?

या कामाची मोजणी माणशी होत नाही, कोयत्याने होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यात कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याच्याशी बांधली जाते. आजारपणाचा प्रश्न समजून घ्यायचा तर हा हिशेब आधी डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

बाईचा दिवस पाहा. पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, पाणी आणायचे. उजाडायच्या आत फडात. नवरा बुडख्यापासून ऊस तोडतो, ती पाचट सोलते, वाढे बाजूला काढते, ऊस गोळा करून मोळी बांधते. दुपार टळल्यावर गाडी आली की भरणी. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे, मोळी टाकायची, खाली उतरायचे, पुन्हा चढायचे. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. मग कोपीवर येऊन पुन्हा चूल. कोपी म्हणजे बांबू, चटई, पाचट आणि वरून प्लास्टिकचा कागद. आत उभे राहता येत नाही, दार नाही, संडास-न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांतही हेच काम, हीच फळी. कापड बदलायला आडोसा उसाचा, आणि ते धुवायला पाणी शेतकऱ्याच्या विहिरीवरचे किंवा पाटाचे. तेही त्याने भरू दिले तर.

लघवीला जायची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. ओले कापड तासन्‌तास अंगाला राहिल्याने त्वचा सोलवटते, खाज सुटते, अंगावरून पांढरे जाऊ लागते. अठराच्या आत लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणे, मग नसबंदी, आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा डोक्यावर मोळी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी 43 हून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. मुलगी मागे ठेवायची कोणाच्या भरवशावर, आणि लग्न लावून दिले की एक नवा कोयता तयार होतो, ही दोन्ही कारणे लोक उघड सांगतात.

आता या बाईला दवाखान्यात जायचे आहे असे समजा. आरोग्य केंद्र सहा-सात किलोमीटरवर आहे. अंतर म्हणून पाहिले तर हे काही लांब नव्हे. पण केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग चालतो तेव्हा ती फडात असते, आणि ती सुटते तेव्हा केंद्रात डॉक्टर नसतात. दिवसा जायचे तर तोडणी जोडीने होत असल्यामुळे नवऱ्याचेही काम थांबते. दोघे मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला; म्हणजे पाच-सातशे रुपये बुडाले. त्यावर मुकादमाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, दिवसाला पाचशेपर्यंत. वर रिक्षा. सरकारी केंद्र बंद म्हणून नाक्यावरच्या खासगी दवाखान्यात गेली तर फी, इंजेक्शन, सलाईन. दीड-दोन हजारांचा खड्डा पडतो, आणि तो रोख रकमेत नसून उचलीत चढतो. हे एकदाच नाही. जंतुसंसर्ग पुन्हा होतो, कारण त्याचे कारण फडातच असते.

पिशवी काढण्याचा विषय इथून सुरू होतो. गर्भाशयाला आपल्याकडे बायका पिशवी म्हणतात. ‘आंगावरून जातंय, कंबर मोडलीय’ म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला सोनोग्राफी करून ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका’ असे सांगणारे डॉक्टर जिल्ह्यात होते. दोन-तीन मुले झालेली, नसबंदी केलेली बाई मनाशी हिशेब करते : पाळी गेली की पाळीचे हाल गेले, खाडे गेले, कॅन्सरची धास्ती गेली. मुकादमाकडून तीस-पस्तीस हजार आणखी उचलले की एकदाचे मोकळे. बाहेरच्यांनी याला अडाणीपणा म्हटले. मला तसे वाटत नाही. ज्या व्यवस्थेने तिला साधा उपचार परवडू दिला नाही, तिच्यात उरलेल्या वाटांपैकी ही एक वाट ती धरते.

2019 च्या उन्हाळ्यात हा विषय वर्तमानपत्रांतून देशभर गेला. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 99 खासगी रुग्णालयांतून 4,605 गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या सगळ्या ऊसतोडीच्या बायका नव्हत्या, हेही खरे. मग विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींत एक. त्याच दशकातल्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

आता वैद्यकाची बाजू, कारण ती बायकांपर्यंत फार कमी पोहोचली आहे. अंगावरून पांढरे जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण जंतुसंसर्ग हे असते. त्याला गोळ्यांचा एक ते दोन आठवड्यांचा कोर्स लागतो आणि काही प्रकारांत नवऱ्यालाही तोच कोर्स द्यावा लागतो, नाहीतर त्रास परत येतो. पाळीत जास्त रक्त जाण्याला गाठी, संप्रेरकांचा बिघाड, थायरॉइड अशी कारणे असतात आणि बहुतेक वेळा औषधाने किंवा गर्भाशयात बसवायच्या संप्रेरकयुक्त तांबीसारख्या साधनाने भागते. अंग बाहेर येत असेल तर सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामाने आणि आधाराच्या कडीने फरक पडतो. कॅन्सरची भीती असेल तर गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून करायची तपासणी प्रशिक्षित नर्स आरोग्य केंद्रातही करू शकते. काही मिनिटांत तिथेच कळते. एका फेरीत निकाल देणारी ही चाचणी भटक्या रुग्णासाठी किती सोयीची आहे! पिशवी काढण्याची गरज खरोखर पडते ती थोड्या जणींना. आणि पिशवीबरोबर बीजांडेही काढली तर तिशीतच पाळी संपल्यासारखे शरीर होते : हाडे ठिसूळ होतात, घाम आणि घबराट सुरू होते, हृदयविकाराचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात ती पुन्हा फळी चढू लागली की कंबरदुखी जन्माची.

ही गोष्ट बीडपुरती नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. काही ठिकाणी गरिबांच्या आरोग्य विम्याचे पैसे मिळतात म्हणून रुग्णालयांनी पिशव्या काढल्याचे आरोप त्यात होते. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने निकाल दिला आणि केंद्र सरकारने 2022 मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असे बजावले. या प्रकरणाचा धडा आपल्यासाठी मोलाचा आहे. विमा हा साधारणपणे दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना अत्यंत उपयोगाची आहे, हृदयाच्या, किडनीच्या, अपघाताच्या रुग्णांचे प्राण तिने वाचवले आहेत. पण तिचीही घडण तशीच आहे. ऑपरेशनला पैसे आहेत आणि चौदा दिवसांच्या गोळ्यांना, बुडालेल्या रोजाला, खाड्याला नाहीत, अशी मांडणी असली की रुग्ण आणि रुग्णालय दोघेही ऑपरेशनकडे सरकतात. नुसते विम्याचे कार्ड वाटून ऊसतोड बाईचा प्रश्न सुटणार नाही.

2019 नंतर बीडमध्ये काही चांगले घडले, ते नोंदवले पाहिजे. खासगी रुग्णालयाला गर्भाशयाची शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी सुरू झाली. टोळीतल्याच बायकांना ‘आरोग्य साथी’ म्हणून शिकवून हाताशी औषधांची पेटी देण्याचा प्रयोग झाला. मला या सगळ्यात तोच अधिक दूरदृष्टीचा वाटतो, कारण ती बाई टोळीबरोबर जाते. जून 2025 मध्ये जिल्हा आरोग्य विभागाची जी आकडेवारी बातम्यांतून आली, तिच्यानुसार 2024 च्या दिवाळीआधीच्या तपासणीत 843 बायकांची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या 477 जणी तीस ते पस्तीस वयाच्या. त्याच हंगामात 1,523 बायका गरोदरपणात तोडणीवर होत्या.

1,523 हा आकडा वाचून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा आकडा काढता येतो, याचा अर्थ त्या बायकांची नोंद आहे. नाव, गाव, कितवा महिना, रक्त किती, माता-बाल नोंदणीचा नंबर, हे बीडच्या आरोग्य विभागाला माहीत आहे. कोणती टोळी आज कोणत्या शिवारात आहे, हे कारखान्याला माहीत आहे. या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या उपकेंद्राच्या हद्दीत किती गरोदर बायका आहेत, हे त्या दिवशी कळते. त्या आजवर शेजारी ठेवल्या गेलेल्या नाहीत.

नुसते दिवाळीआधी तपासून पाठवण्याने काय सुटते, हे एका बाळाच्या डोसांच्या तारखांवरून पाहता येईल. 15 ऑक्टोबरला जन्मलेले मूल घेऊन जोडी कारखान्याला गेली. सहा आठवड्यांचा डोस येतो 26 नोव्हेंबरला, दहा आठवड्यांचा नाताळच्या आदल्या दिवशी, चौदा आठवड्यांचा 21 जानेवारीला. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्युमोनियाची लस, पहिल्या वर्षातले बहुतेक मुख्य डोस फडावर. गाव सोडताना त्या बाळाचे लसीकरण चुकले असे म्हणताच येत नाही, आणि परत येते तेव्हा हे सगळेच डोस चुकलेले असतात. त्यातच पहिल्या बेचाळीस दिवसांतल्या आशाताईंच्या घरभेटी, तेव्हा बाळाचे वजन, नाळ, आईचा ताप पाहायचा असतो. कोपीवर त्या होत नाहीत.

क्षयरोगाचे गणित तर अंगावर काटा आणणारे आहे. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि हंगामही तेवढाच. दिवाळीच्या तोंडावर निदान झालेल्या माणसाचा जवळजवळ पूर्ण उपचार फडावरच व्हायचा. गोळ्या मध्येच सुटल्या तर आजार उलटतो आणि औषधांना दाद न देणारा क्षय कोपीतल्या चार जणांना होऊ शकतो. इथे मात्र एक जमेची बाजू आहे. क्षयरुग्णाची ‘निक्षय’ प्रणालीवर देशभर चालणारी ओळख असते, ती एका जिल्ह्यातून दुसऱ्यात, एका राज्यातून दुसऱ्यात वळवता येते आणि पोषणाचे पैसे थेट खात्यात येतात. म्हणजे रुग्णाबरोबर नोंद हलवणे सरकारला जमते. महिला व बालविकास विभागानेही स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी ‘महाएमटीएस’ हे ॲप काढले, जेणेकरून अंगणवाडीचा आहार जिथे मूल आहे तिथे मिळावा. ही दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत. पण दोन्हींमध्ये पुढच्या गावातल्या सेविकेला टोळी कुठल्या फडात उतरली आहे ते शोधून काढावेच लागते. अंगणवाडीताईंनी पायपीट करून कोप्या शोधायच्या, तोवर टोळी पुढच्या गावाला.

कारखाना ही माहिती का देत नाही? कारण कायद्याने तो त्या माणसांचा मालकच नाही. कारखान्याचा करार होतो वाहनमालकाशी किंवा मुकादमाशी, अनेक ठिकाणी मधल्या तोडणी-वाहतूक संस्थेमार्फत. कोयत्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने देशातल्या कामगाराला दवाखाना, आजारपणाची पगारी रजा, बाळंतपणाची भरपाई दिली. पण तो कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचे नाव घालूनच ठेवले होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 मध्ये कायदा झाला. त्यात कंत्राटदाराने वैद्यकीय सोय करावी असे लिहिले होते, कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांना तो लागू होऊ शकत होता, पण मुकादमाने त्यानुसार औषधपाणी केल्याचे फडावर कोणी सांगत नाही.

दुसरीकडे, साखरेच्या जोरावर या राज्यात मोठी रुग्णालये उभी राहिली. प्रवरेचे लोणीतले, कृष्णेचे कराडमधले. सहकाराच्या पहिल्या पिढीतल्या नेत्यांना ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी दवाखाना पोहोचवायचे सुचले आणि त्यांनी तो पोहोचवला, ही त्यांची फार मोठी कामगिरी. त्याच कार्यक्षेत्रात तोच ऊस तोडणाऱ्यापर्यंत ती सेवा न्यायला नव्याने इमारत बांधावी लागणार नाही.

सेवा मजुराच्या मागे नेण्याची उदाहरणे इतरत्र आहेत. केरळने 2017 मध्ये परराज्यातल्या मजुरांसाठी ‘आवाज’ ही विमा योजना आणली. एर्नाकुलममध्ये ‘बंधू क्लिनिक’ नावाचे फिरते दवाखाने मजुरांच्या वस्तीवर जातात, त्यांच्या सवडीच्या वेळी, त्यांची भाषा बोलणारे कर्मचारी घेऊन. निकाराग्वातल्या सान अंतोनियो साखर कारखान्यात ऊसतोड कामगारांच्या किडन्या निकामी होत होत्या. उन्हात, पुरेसे पाणी न पिता केलेल्या अतिश्रमाशी त्याचा संबंध लागला. तेव्हा कारखान्याच्या कामाच्या वेळापत्रकातच पाणी, विश्रांती आणि सावली ठरवून घातली गेली. मराठवाड्यातल्या बायका पाणी टाळतात ते संडास नाही म्हणून, आणि मार्चमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असतो. आपल्याकडे हा किडनीचा धोका अजून फारसा बोलण्यात आलेला नाही. तो यायला हवा.

आपल्याकडे काय करता येईल, ते टोळी कशी राहते यावर ठरते. टायरगाडीवाले, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारे, कारखान्याजवळच्या तळावर पूर्ण हंगाम एका जागी राहतात; शेकडो कोप्या, मोठी वस्ती. तिथे आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सात ते नऊ दवाखाना चालवणे, पाण्याची टाकी आणि संडास देणे ही महिनाभरात होण्यासारखी कामे आहेत. खरी अडचण डोकी सेंटरवाल्यांची. ते ट्रक-ट्रॅक्टरसाठी तोडतात, गावोगाव विखुरतात आणि आठ-पंधरा दिवसांनी हलतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला तोडीचा प्रोग्रॅमच हाताशी लागतो. दर आठवड्याला कारखान्याच्या शेतकी विभागाने तो तालुका आरोग्य अधिकाऱ्याला पाठवावा, त्यावरून फिरत्या पथकाने रात्रीच्या वेळी कोपीवर जावे, तिथल्या आरोग्य साथी बाईकडून कोणाला काय हवे ते घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या द्याव्यात. गरोदर बाईची रक्ततपासणी आणि बाळाचे डोस तिथेच. ज्या चिटबॉयला रोज प्रत्येक फडावर जावे लागते, त्याला 108 रुग्णवाहिकेला फोन करून शिवाराचे नेमके ठिकाण कसे सांगायचे एवढे शिकवले, तरी साप चावलेला माणूस प्रतिविष असलेल्या दवाखान्यात वेळेवर जाईल. आज परक्या मुलखातला मजूर ‘हितं कालव्याच्या कडंला’ यापलीकडे पत्ता सांगू शकत नाही.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न या बाबतीत तरी फसवा आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच राज्य सरकारने द्यायचे ठरले आहे. चांगल्या हंगामात महाराष्ट्रात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचे शंभर कोटी, सरकारचे शंभर कोटी, दरवर्षी. त्याचा ठरलेला भाग फडावरच्या आरोग्यसेवेला आणि आजारपणाच्या दिवसांच्या भरपाईला बांधून द्यायला हवा.

ही भरपाई मला फिरत्या पथकाइतकीच महत्त्वाची वाटते. सरकारी डॉक्टरने चिठ्ठी दिली की त्या दिवसांचा खाडा धरायचा नाही आणि मजुरीचा काही भाग महामंडळाने द्यायचा, एवढे झाले तर पिशवी काढण्याचा हिशेबच बदलतो. आठव्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत बाईला फडातून सूट आणि त्या काळाचा अर्ध्या कोयत्याचा मोबदला मिळाला, तर फडावरची बाळंतपणे थांबतील. मुकादमाला दोष देऊन भागत नाही. त्याच्याही डोक्यावर कारखान्याच्या ॲडव्हान्सचा बोजा असतो, आणि जोडी थांबली की त्याची गाडी रिकामी जाते. खाड्याची तोशीस वरून कोणीतरी उचलल्याशिवाय तो दंड सोडणार नाही.

कर्नाटकातल्या फडांवर हे सगळे आणखी अवघड. तिथली आशा कन्नड बोलते, 108 ची व्यवस्था वेगळी, महाराष्ट्राची आरोग्य योजना प्रत्येक रुग्णालयात चालत नाही. बेळगाव आणि बागलकोटच्या जिल्हा प्रशासनांशी बीडने हंगामापुरता सरळ करार करावा, दोन्ही भाषांत छापलेली तपासणी पत्रिका प्रत्येक कोयत्याकडे असावी आणि बीडच्या आरोग्य विभागात रात्रीही फोन उचलणारी मराठी-कन्नड जाणणारी दोन माणसे असावीत.

कारखान्यांकडून हे लिहून घेण्याची जागा आणि वेळ ठरलेली आहे. उचलीचे व्यवहार ज्येष्ठ-आषाढात सुरू होतात, तोडणी-वाहतुकीचे करार पोळ्यापर्यंत बहुतेक उरकतात. त्यानंतर हंगाम लागायच्या आधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली किंमत, थकवलेल्या कारखान्यांचे परवाने याच टप्प्यावर अडवले जातात, आणि त्या धाकाने कितीतरी थकबाकी वसूल झालेली आहे. त्याच अर्जात आणखी तीन गोष्टी मागता येतील : टोळीतल्या प्रत्येकाचे नाव असलेली यादी, आठवड्याचा तोडीचा प्रोग्रॅम आरोग्य विभागाला देण्याची हमी, आणि तळावर पाणी-संडास बांधल्याचा तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला.